मुका मार मोजायचा कसा?

ऐरोलीतल्या एका फिजिओथेरपिस्टनी विचारलंय: डोक्याला मार लागून मेंदूला इजा झालेल्यांसाठी ठाणे-ऐरोली पट्ट्यात दिवसभराचं पुनर्वसन केंद्र काढायचंय. एका कंपनीच्या सीएसआरकडे (सामाजिक कामासाठीच्या निधीकडे) प्रस्ताव द्यायचाय आणि त्यांच्या फॉर्मात पहिलाच रकाना आहे, 'या भागात अशा रुग्णांचं प्रमाण किती?' शोधलं तर एका ठिकाणी लाखामागे १५० मिळालं, दुसरीकडे ७९०, तिसरीकडे थेट १२ टक्के. यातला खरा आकडा कुठला, आणि आपल्याकडचा काढायचा तर कसा?

तिन्ही खरे आहेत. आणि तुमच्या कामाचा त्यातला एकही नाही. हे चिडून म्हणत नाहीये, कारण याच तीन आकड्यांत मीही एकेकाळी अडकले होते. मी पीएसएमची, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राची डॉक्टर. वीसेक वर्षं कळवा, मुंब्रा, दिघा, तुर्भे अशी खाडीच्या दोन्ही अंगांना घरोघर सर्व्हे केलेत आणि हॉस्पिटलांची रजिस्टरं चाळलीत. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी हे तीन आकडे येतात कुठून ते बघू. लाखामागे १५० हा बंगळुरूच्या निमहान्सचा, म्हणजे मेंदू आणि मानसिक आजारांच्या राष्ट्रीय संस्थेचा. डॉ. गुरुराज यांनी २००२ मध्ये भारतातलं चित्र मांडताना तो दिला, सोबत मृत्यूंचा आकडा लाखामागे २०. ही मुख्यतः हॉस्पिटलपर्यंत पोचलेली माणसं, आणि वर्षभरात नव्याने मार लागलेली. ७९० न्यूझीलंडचा. हॅमिल्टन शहर आणि शेजारचा वायकाटो जिल्हा, लोकसंख्या सुमारे १ लाख ७३ हजार, मार्च २०१० ते फेब्रुवारी २०११ या बारा महिन्यांत १,३६९ केसेस. तिथले संशोधक हॉस्पिटलच्या दारात वाट बघत बसले नाहीत. फॅमिली डॉक्टरांपासून शाळा आणि खेळाच्या केंद्रांपर्यंत जाळं टाकून आले. त्या जाळ्यात सापडलेल्यांपैकी ९५ टक्के सौम्य इजेचे होते. आणि १२ टक्के हा २०१३ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून काढलेला, २५ हजारांवर प्रौढांचा: आयुष्यात कधी ना कधी डोक्याला मार लागून शुद्ध हरपली होती, असं सांगणाऱ्यांचं प्रमाण. पुरुषांत जवळपास १७ टक्के, बायकांत साडेआठ.

ठाणे स्टेशन डोळ्यांसमोर आणा. तासाभरात किती माणसं गाडीतून उतरली, हा एक प्रश्न. आत्ता या क्षणी फलाटावर किती उभी आहेत, हा दुसरा. आयुष्यात कधी ठाण्याला उतरलात का, हा तिसरा. पहिला इन्सिडन्स, दुसरा प्रिव्हलन्स, तिसरा आयुष्यभराचा इतिहास. (तुमचे १५० आणि ७९० दोन्ही पहिल्या जातीचे, १२ टक्के तिसऱ्या.) स्टेशन एकच, आकडे तीन, आणि त्यांची आपसात तुलना करण्यात काही अर्थ नाही. तुमचा प्रश्न तर चौथाच आहे: उतरलेल्यांपैकी किती जण जिना चढता येत नाही म्हणून फलाटावरच बसून राहिलेत? केंद्रात येणार ती ही माणसं. सौम्य इजा झालेले बहुतेक जण काही आठवड्यांत आपापल्या वाटेने निघून जातात. ते जिन्याखाली बसलेले किती, हे वरच्या कुठल्याच आकड्यात नाही.

तरीही लोक काय करतात? २०११ च्या जनगणनेतली नवी मुंबई घेतात, ११ लाख २० हजार, आणि गुणाकार करतात. १५० ने गुणलं तर वर्षाला १,६८०. ७९० ने गुणलं तर ८,८००च्या वर. प्रस्ताव मोठा दिसावा म्हणून दुसरा आकडा टाकायचा मोह होतो. टाकू नका. न्यूझीलंडमध्ये ३८ टक्के केसेस पडण्याच्या होत्या, वाहतुकीच्या २० टक्के. निमहान्सच्या मांडणीत साठेक टक्के रस्त्यावरच्या. आपल्याकडचा दुचाकीवरचा पंचविशीचा मुलगा आणि तिकडचा घसरून पडलेला लहानगा, यांचा दर एकमेकांना उसना देता येत नाही.

आता व्याख्येकडे येते, कारण खरी मारामारी तिथे आहे. तीव्रता ठरवायला जगभर ग्लासगो कोमा स्केल वापरतात. टीसडेल आणि जेनेट या दोघांनी १९७४ मध्ये ते मांडलं. डोळे, बोलणं, हालचाल मिळून ३ ते १५ गुण: ८ पर्यंत गंभीर, ९ ते १२ मध्यम, १३ ते १५ सौम्य. गंभीर आणि मध्यम ओळखायला फारसं कुणी चुकत नाही. चुकतात ते 'सौम्य'मध्ये, कारण १५ पैकी १५ गुण असलेला माणूस म्हणजे मेंदूला इजा झालेला असू शकतो आणि नुसतं टेंगूळ आलेलाही. म्हणून १९९३ च्या अमेरिकन व्याख्येत इतर खुणा घातल्या: थोडा वेळ का होईना शुद्ध गेली का, अपघाताच्या आधीचं किंवा नंतरचं काही आठवत नाही का, त्या वेळी गोंधळल्यासारखं झालं का. अर्ध्या तासापर्यंतची बेशुद्धी आणि चोवीस तासांपर्यंतचा विसर, तोवर सौम्य. सीटी स्कॅन नॉर्मल असला तरी माणूस या व्याख्येत बसतो, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे 'सीटी नॉर्मल आहे' म्हणजे 'काही झालं नाही' असाच निरोप घरी जातो.

आमच्या पहिल्या सर्व्हेत मी जी चूक केली ती सांगते. प्रश्नावलीत लिहिलं होतं, 'गेल्या वर्षभरात घरात कुणाच्या मेंदूला दुखापत झाली का?' प्रश्न अचूक, व्याकरणशुद्ध, आणि कुचकामी. दोन दिवस 'नाही, नाही' ऐकत आम्ही फिरलो. कळव्याच्या डोंगरउतारावरच्या एका घरात ताई 'नाही' म्हणाल्या, पाणी दिलं, आणि आम्ही उठताना सहज बोलून गेल्या, 'आमचे हे मागे गाडीवरून पडले होते. दोन दिवस मला ओळखतच नव्हते. पण रक्त नव्हतं हो, मुका मारच होता. मेंदूला काही नाही झालं.'

मी परत खाली बसले. फॉर्मवर 'नाही' असा शिक्का आधीच पडला होता.

त्या दिवशी समजलं की मराठी माणूस डोक्याच्या माराची वर्गवारी रक्तावरून करतो. 'डोकं फुटलं' म्हणजे कातडी फाटली, टाके पडले. मेंदू कदाचित ठणठणीत. 'मुका मार' म्हणजे बाहेरून काही दिसत नाही, म्हणून विषय संपला; आणि नेमका तिथेच आपला रुग्ण लपलेला असतो. मग आम्ही प्रश्न मोडून लिहिले. 'डोक्याला कधी जोरात मार लागला का? पडून, आपटून, गाडीवरून, कुणी मारल्यामुळे?' त्यानंतर, 'तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले, अंधारी आली, की शुद्धच गेली?' 'मार लागल्यावर पहिलं काय आठवतं? तिथे उचललेलं आठवतं की एकदम दवाखान्यातलं?' हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. 'विसर पडला होता का' असं विचारलं की लोक 'नाही' म्हणतात. पहिली आठवण सांगायला लावलं की मधला गाळलेला तास आपोआप दिसतो. ओहायो स्टेट विद्यापीठाची या कामासाठी बांधलेली मुलाखतीची पद्धत आहे. तिचाही गाभा हाच: निदान विचारू नका, प्रसंग विचारा. एकेक करून सगळे प्रसंग बाहेर काढा आणि मग शुद्ध गेली का ते विचारा.

'कुणी मारल्यामुळे' हे शब्द उच्चारताना सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असेल तर उत्तर मिळणार नाही आणि त्या बाईचं नुकसानही होऊ शकतं. एकटीशी बोलायला मिळणार नसेल तर तेवढा प्रश्न सोडून द्या. बायकांचा आकडा कमी येईल, तसं लिहून टाका. आकड्यापायी कुणाला मार खायला लावायचा नाही.

आता हॉस्पिटलचं दार. तुम्हाला वाटेल, कोड असतातच की. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत, एस-०६ म्हणजे कवटीच्या आतली इजा, एस-०२ म्हणजे कवटी-चेहऱ्याची हाडं, आणि एस-०९.९ म्हणजे 'डोक्याची इजा, नेमकी कुठली ते सांगितलेलं नाही'. हा शेवटचा कोड म्हणजे अडगळीची खोली. अमेरिकेसारख्या देशातही तो मोजणीत घ्यायचा की नाही यावर राष्ट्रीय आकडे हलतात: २०१५ पर्यंतच्या जुन्या कोडपद्धतीत असली संदिग्ध 'डोक्याची इजा' धरत होते, नव्यात वगळली. रुग्ण तेच, आकडा दुसरा. आपल्या बऱ्याच सार्वजनिक रुग्णालयांत तर कोड लागतो तो डिस्चार्जनंतर, रेकॉर्ड रूममधल्या कर्मचाऱ्याच्या हातून, केसपेपरवरची पहिली ओळ वाचून. मी कोडांवर विसंबत नाही. कॅज्युअल्टीची वही मागते.

त्या वहीत एक गंमत आहे. डोक्याच्या इजेच्या नोंदीत आपले रेसिडेंट डॉक्टर सवयीने चार गोष्टी लिहितातच: एलओसी (शुद्ध जाणं), व्हॉमिटिंग (उलटी), कन्व्हल्शन (झटके), ईएनटी ब्लीड (कान-नाक-घशातून रक्त). पुढे प्लस किंवा निल. रात्री तीन वाजता, डोळे मिटत असतानाही लिहितात. म्हणजे 'शुद्ध गेली का' याचं उत्तर तुम्हाला हजारो केसपेपरांवर आयतं मिळतं. एका रुग्णालयात या चार नोंदींवरून मी वर्षभराच्या केसेस पुन्हा तपासल्या, तर कोडप्रमाणे नुसत्या 'जखम' असलेल्या कितीतरी केसेस व्याख्येत बसत होत्या. उलटही झालं: दारूचा वास आला म्हणून 'अंडर इन्फ्लुअन्स' लिहून सोडून दिलेला, ज्याचा गुणांक १३ होता. तो दारूमुळे की मारामुळे, हे त्या रात्री कुणालाच ठरवता आलं नसतं. अशांची मी वेगळी रांग करते आणि आकडा दोन्ही तऱ्हेने देते, त्यांना धरून आणि सोडून.

वहीतल्या खड्ड्यांपैकी तीन तुम्हाला नक्की लागतील. पहिला डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलेले. निम्मी गोष्ट तिथेच तुटते. पुढे माणूस सुधारला, दुसऱ्या हॉस्पिटलात गेला की गावी नेला, काही कळत नाही. दुसरा, एकच माणूस तीन वह्यांत. घोडबंदर रोडवर पडला, जवळच्या नर्सिंग होमने पट्टी केली, तिथून पालिकेच्या रुग्णालयात, बेड नाही किंवा न्यूरोसर्जन नाही म्हणून तिथून मुंबईत शीवच्या रुग्णालयात. तीन ठिकाणी तीन नोंदी, नावाची तीन स्पेलिंगं, वय एका ठिकाणी ३५, दुसरीकडे ३८. वय, लिंग, तारीख, अपघाताची जागा एकत्र ठेवून जुळवावं लागतं. आम्ही हे हाताने, वहीला वही लावून करायचो. तिसरा खड्डा म्हाताऱ्या माणसांचा. आजोबा बाथरूममध्ये पडतात, डोक्याला हलकंसं लागतं, कुणी लक्ष देत नाही. तीन-चार आठवड्यांनी चाल बिघडते, बोलणं अडखळतं, स्कॅनमध्ये मेंदूवर साकळलेलं जुनं रक्त दिसतं. दाखल करताना कारण लिहिलं जातं 'अशक्तपणा'. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हे जास्त. वसंत विहार किंवा वाशीच्या जुन्या सेक्टरांसारख्या, ज्येष्ठ बरेच असलेल्या भागात हा गट सोडून दिला तर चित्रच बदलतं.

पोलिसांच्या आकड्यांवर फार वेळ घालवू नका. त्यांच्याकडची 'गंभीर दुखापत' ही कायद्याची आहे, डॉक्टरांची नाही. दात तुटला तर गंभीर. तासभर बेशुद्ध राहून माणूस दुसऱ्या दिवशी उठून बसला तर बहुधा साधी. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि वीस दिवस नेहमीची कामं करता न येण्याची जुनी अट पंधरा दिवसांवर आली. उद्या कुणी '२०२४ नंतर गंभीर दुखापती वाढल्या' असा आलेख दाखवला तर आधी हे आठवा.

पण पोलिसांची यादी एका कामाला फार छान येते, आणि ते म्हणजे दोन अपुऱ्या याद्यांवरून तिसरी, न दिसणारी संख्या काढणं. तळ्यातले मासे मोजणारे करतात तेच: एकदा जाळं टाकून सापडलेल्यांना खूण करायची, पुन्हा टाकायचं, दुसऱ्या खेपेत खूण केलेले किती ते बघायचं. समजा (हे आकडे मी कल्पिलेले आहेत) वर्षभरात रस्त्यावर डोक्याला मार लागलेले पोलिसांकडे १२०, हॉस्पिटलांत २००, आणि जुळवल्यावर दोन्हीकडे असलेले ६०. तर एकूण अंदाज १२० गुणिले २०० भागिले ६०, म्हणजे ४००. दोन्ही याद्या मिळून २६० वेगळी माणसं. उरलेली १४० कुठल्याच वहीत नाहीत. मात्र यात एक मेख आहे. दोन याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असायला हव्यात, आणि आपल्याकडे त्या नसतात: हॉस्पिटलने एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) केली की तिथूनच पोलिसांना कळवलं जातं. त्यामुळे जुळणारी नावं वाजवीपेक्षा जास्त निघतात आणि एकूण अंदाज कमी येतो. म्हणून या पद्धतीने आलेला आकडा मी 'किमान इतके तरी' असाच लिहिते. जमलं तर तिसरी यादी घ्या, १०८ अँब्युलन्सची किंवा कामगार विम्याची. एमआयडीसीतल्या आणि बांधकामांवरच्या केसेस तिथे थोड्या तरी दिसतील. ठेकेदार मजुराला एमएलसी न करता ओळखीच्या नर्सिंग होममध्ये नेतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

भागाकाराचा खालचा आकडा, म्हणजे लोकसंख्या, वरच्यापेक्षा जास्त फसवते. 'नवी मुंबई' म्हणताना तुम्ही महापालिकेची हद्द म्हणता की शहर वसवणाऱ्या सिडकोची? दिघा ते बेलापूर नवी मुंबई महापालिका, ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, नवीन पनवेल ही पनवेल महापालिका, २०१६ मध्ये झालेली, जिल्हा रायगड. लोकांच्या तोंडी सगळीच नवी मुंबई. २०११ च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांचा, पण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि त्याच २०११ च्या आकड्यातले ८० लाखांच्या आसपास उरले. वर आजचे रुग्ण आणि खाली २०११ ची माणसं, असा भागाकार केलात तर घोडबंदरसारख्या टॉवरांनी भरलेल्या पट्ट्यात दर फुगून येणार. मतदार यादी, पालिकेची घरपट्टीची खाती, वीज मीटर यांवरून आम्ही अंदाज सुधारायचो; अचूक नसतो, पण पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यापेक्षा बरा.

आणि वर कोण धरायचं? मुंब्रा बायपासवर पडलेला ट्रकचालक इथला नाही, पण आपल्या वहीत आहे. दिघ्यात राहणारा मुलगा लोकलमधून मुंबईत पडला, तिकडच्याच हॉस्पिटलात राहिला, तो आपला आहे पण आपल्या वहीत नाही. प्रमाण काढायचं तर राहण्याच्या पत्त्यावरून मोजायला हवं. रस्ता किती धोक्याचा हे काढायचं तर अपघाताच्या जागेवरून. दोन्ही एका वाक्यात मिसळू नका. तुमच्यासाठी पत्ता महत्त्वाचा.

इथवर वाचून वाटेल, मग सरळ घरोघर जाऊ. त्याचा हिशेब करून बघू. दहा हजार माणसं, म्हणजे अडीच हजार घरं. खरा दर लाखामागे १५० असेल तर वर्षभराच्या केसेस मिळतील पंधरा. पंधराच्या आकड्यात निव्वळ योगायोगाचा खेळ आठ ते पंचवीस इतका असतो, म्हणजे तुमचं उत्तर 'लाखामागे ८४ ते २४७ मधलं काहीतरी'. त्यासाठी अडीच हजार दारं ठोठवायची! आणि टॉवरांत तर दाराशी पोचण्याआधी गेटवरच्या वॉचमनशी आणि सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलणी. चाळीत पाणी मिळतं, टॉवरमध्ये 'मेल करा' मिळतं. याउलट 'आयुष्यात कधी शुद्ध हरपली का' हे मोजायला हजार माणसं पुरतात, दोन-तीन टक्क्यांच्या फरकाने उत्तर येतं. दुर्मीळ गोष्ट मोजायला सर्व्हे महाग, सर्रास गोष्ट मोजायला स्वस्त.

आठवणीचाही भरवसा नाही. घानात केलेला, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते: महिनाभरातल्या दुखापती विचारून काढलेला वार्षिक दर बारा महिन्यांतल्या विचारून काढलेल्या दराच्या तिपटीहून जास्त आला. माणसं बारीकसारीक विसरून जातात. महिनाभराहून जास्त अंथरुणाला खिळवणाऱ्या दुखापती मात्र वर्षभर नीट आठवतात. आम्ही 'गेल्या वर्षभरात'ऐवजी 'गेल्या गणपतीपासून' विचारायला लागलो आणि उत्तरं एकदम नेटकी झाली. कोण कधी पडलं हे लोक होळी-दहीहंडीच्या आगेमागे अचूक सांगतात. मग एका विद्यार्थिनीने चूक दाखवली. अधिक महिन्यामुळे २०२२ च्या गणपतीपासून २०२३ च्या गणपतीपर्यंत ३८४ दिवस होतात, त्यापुढच्या वर्षी ३५४. भागायचं ते खऱ्या दिवसांनी. मी तिला चहा पाजला.

तर आतापर्यंतचं थोडक्यात: हॉस्पिटलची वही जुनी आणि फाटकी असली तरी मध्यम आणि गंभीर केसेससाठी तीच सर्वांत भरवशाची, सौम्य केसेस मोजायला घरी जावं लागतं, आणि तुम्हाला सौम्य मोजायच्याच नाहीत.

म्हणून तुम्ही हे करा. तुमचा पट्टा पिनकोडने आखू नका, पोचण्याने आखा. अर्धांगाचा त्रास असलेला माणूस आणि त्याला धरून आणणारी बायको रोज किती लांबून येतील? ट्रान्सहार्बर लोकलवर ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली. त्यापलीकडचे आठवड्यातून एकदाच येतील असं धरा. मग न्यूरोसर्जरी असलेली दोन-तीन रुग्णालयं गाठा, एथिक्स कमिटीची आणि पालिकेच्या आरोग्य विभागाची परवानगी काढा (याला महिने लागतात, आजच अर्ज करा), आणि मागच्या एका पूर्ण वर्षात मध्यम किंवा गंभीर इजेने दाखल झालेल्या, पत्ता या पट्ट्यातला असलेल्यांची यादी मागा. सहा महिने उलटून गेलेल्यांना फोन करायचा. विचारायचं ते ग्लासगो आउटकम स्केलच्या (माणूस कितपत सावरला हे मोजणाऱ्या पट्टीच्या) विस्तारित प्रश्नावलीवरून. मूळ स्केल १९७५ चं, विस्तारित रूपात आठ पायऱ्या, फोनवर विचारता येण्याजोगी. घरी एकटं राहता येतं का, दुकानातून सामान आणता येतं का, एकट्याने प्रवास जमतो का, पूर्वीचं काम जमतं का, घरच्यांशी खटके उडतात का. आपल्याकडे प्रवासाचा प्रश्न मी 'एकट्याने लोकल पकडता येते का' असा विचारते. उत्तरात काही लपत नाही.

शंभरातले चाळीस फोन लागणार नाहीत. नंबर बदललेला, खोली सोडलेली, गावी गेलेले. समजा साठ जण मिळाले आणि त्यातल्या अठरांना तुमच्यासारख्या केंद्राची गरज आहे. 'तीस टक्के' लिहून मोकळे होऊ नका. न मिळालेल्या चाळीसपैकी एकालाही गरज नाही असं धरलं तर १८ टक्के, सगळ्यांना आहे धरलं तर ५८. खरं या दोन टोकांमध्ये कुठेतरी आहे, आणि दोन्ही टोकं लिहिलीत तर समजणारा वाचणारा तुमच्यावर जास्त विश्वास ठेवेल. न समजणाऱ्यासाठी ठळक अक्षरात अठरा लिहा. तेवढी माणसं तुम्ही फोनवर ऐकलेली आहेत.

ही झाली एका वर्षाची माणसं. आधीच्या वर्षांची जिन्याखाली साठलेली वेगळी. ती कुठल्याही सरकारी यादीत एका नावाखाली सापडणार नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत डोक्याच्या माराने आलेलं अपंगत्व असा स्वतंत्र रकानाच नाही. कुणाला अस्थिव्यंगाचं प्रमाणपत्र मिळतं, कुणाला वाचादोषाचं, कुणाला मानसिक आजाराचं, बऱ्याच जणांना काहीच नाही. त्यांच्यासाठी आशाताईंना धरा. प्रत्येकीला तिच्या वस्तीतली घरं पाठ असतात. पण त्यांनाही 'मेंदूची इजा' म्हणू नका. दिघ्यात आम्ही विचारलं होतं, 'मार लागल्यापासून माणूस बदलला, असं ज्याच्याबद्दल बोलतात असा कुणी आहे का?' एका दुपारी सात नावं आली. त्यातले दोघे पिणारे निघाले, एकाला जुना पक्षाघात होता, चौघे आपले होते. चौघांपैकी एकाचंही नाव माझ्या वहीत नव्हतं.

प्रस्तावाच्या त्या रकान्यात लाखामागे वगैरे लिहायची गरज नाही. 'अमुक रुग्णालयांतून एका वर्षात इतके, त्यांपैकी किमान इतक्यांना गरज, शिवाय अमुक वस्त्यांत आशाताईंकडून मिळालेले इतके जुने रुग्ण' एवढं पुरे. कंपनीवाले टक्केवारीचा हट्ट धरतील; त्यांना निमहान्सचा आकडा तळटीपेत द्या, तो हॉस्पिटलचा आहे असं लिहून.

फोन करायला मुलं नेमाल, पण पहिले पंचवीस तुम्ही स्वतः करा, संध्याकाळी सातनंतर, घरात कुणीतरी असताना. रुग्णाशी बोलणं झालं की फोन बायकोला किंवा आईला द्यायला सांगा आणि तेच प्रश्न पुन्हा विचारा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहून ठेवा. प्रश्नावलीचा मराठी मसुदा झाला की इथेच टाका, 'मेंदू' हा शब्द कुठे राहिलाय का ते बघून देते.